शिलाईतला दाब

वीस आठवडे, डॉक्टर द्झिफा म्हणाली,
पोटावर हात ठेवून,
जशी मी कुणाच्या कमरेला टेप लावते तशी.
वीस आठवड्यांचं काय? मूल तर नाही.
मूल नाही, गाठी आहेत.
पण वाढलेली पिशवी मोजायला, कोर्कोर,
आमच्याकडे दुसरं माप नाही.

मला हसू आलं.
जेम्सटाउनच्या अख्ख्या गल्लीनं
हेच माप लावलं होतं मला.
केंके विकणारी म्हणायची, मुलगा आहे, पोट पुढं आहे.
पाद्र्यानं कपाळाला तेल लावून
जुळ्यांचं भाकीत केलं.
आर्मा तेवढा गप्प असायचा. नवराच तो, त्याला ठाऊक होतं
महिन्यातले बारा दिवस मी कशावर निजते.

दुकानातल्या चिंध्या कुठं जातात
हे आफीनं, माझ्या शिकाऊ पोरीनं, कधी विचारलं नाही.
मी स्वतःसाठी शिवायचे ते सगळं गडद:
तपकिरी, जांभळं, काळं.
गिऱ्हाइकांना वाटायचं
हिच्या घरचं सुतक फिटतच नाही.

रक्त सहावर आलं तेव्हा
भावानं ट्रोट्रो दवाखान्याच्या फाटकाबाहेर लावली,
एक पिशवी रक्त दिलं
आणि जाऊन उरलेली फेरी पुरी केली.

कागदावर लिहिलं होतं, गाठीच काढू.
खाली बारीक अक्षरात,
रक्त आवरलं नाही तर पिशवीही.
मी विचारलं, दोरा कोणता वापरता?
विरघळणारा, ती म्हणाली.
माझ्या धंद्यात असला दोरा आणणाऱ्याला
मी दुकानाची पायरी चढू देत नाही.
सही केली.

पिशवीच्या तोंडाशी रबराची नळी आवळून बांधतात म्हणे,
जशी पोत्याला सुतळी, म्हणजे रक्त थांबतं,
मग उसवतात.
मला काय कळणार, मी नव्हतेच तिथं.
शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता
आणि ती बोटांवर मोजून सांगत होती, अकरा.
पिशवी?
आहे.

मी गाठी पाहायला मागितल्या. नर्स नको म्हणाली, तिनं दाखवल्या.
पांढऱ्या, चिवट, एक तर रताळ्याएवढी.
चिरलेलीच्या आत वेढ्यावर वेढे,
कुणी रिळावर सूत गुंडाळत बसावं
आणि कापड शिवायचं विसरून जावं, तसे.

शेजारच्या खाटेवर चोर्कोरची मासे भाजणारी बाई.
तिची सगळीच काढली.
पाच पोरं राहून गेली त्या खोलीत, ती म्हणाली,
आता किल्ली मालकाला देऊन टाकली.
दिवसभर हसवत होती सगळ्यांना.
रात्री भिंतीकडं तोंड करून
काहीतरी पुटपुटायची, पाच नावं असावीत.
मी सहा मोजली.

कोपऱ्यात बँकेतली एक पोरगी होती.
तिच्या आत नुसता कोंबासारखा मांसाचा देठ,
खालूनच दुर्बीण घालून खुडला,
ना चिरा ना टाका, संध्याकाळी टॅक्सीनं घरी.
तिचा मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

सहा आठवडे पायमशीन बंद.
आफी पायटा मारते, मी कापड सरकवते,
चार पायांचं एक जनावर झालोय आम्ही, टीप वाकडी जाते.
गल्लीतून येऊन विचारतात, बाळ कुठंय?
मी सांगते, अकरा होती, ताटलीत ठेवून आले.
एक जण उठून गेली, तिचा ब्लाउज अजून पडून आहे.

मूल होईल का, ते द्झिफा सांगत नाही.
झालंच तर पुन्हा पोटावरूनच काढायचं,
ही टीप कळांच्या जोराला टिकायची नाही, एवढंच म्हणाली.

परवा पिवळं कापड फाडलं स्वतःसाठी.
कंबर मोजली, टेप घसरून
कित्येक वर्षं न दिसलेल्या आकड्यावर थांबला.
आफी म्हणाली, अगदी मापात बेतू?
बेत म्हटलं.
आणि ती दोरा आणायला वळली तेव्हा
बाजूच्या शिलाईत
चार बोटं दाब आत सोडला.